‘बेसा’ म्हणजे वचन, की वचनाची मुदत?

उत्तररात्र

झुरिक-बासेलकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना कोसोवोचे आल्बेनियन लोक नवे नाहीत. बांधकामावर, बसच्या स्टिअरिंगवर, हॉस्पिटलात, फुटबॉल संघात, सगळीकडे असतात. त्यांच्याकडे एक शब्द जिथं तिथं भेटतो: बेसा. मुलीचं नाव बेसा, मुलाचं बेस्निक, उत्तर मॅसिडोनियात तर या नावाचा राजकीय पक्षसुद्धा निघाला. अर्थ विचारला की उत्तर ठरलेलं: दिलेला शब्द. जीव गेला तरी मोडायचा नाही.

हे खरं आहे, पण मला ते अपुरं वाटतं. म्हणून हा धागा.

उत्तर आल्बेनियाच्या डोंगराळ भागात शतकानुशतकं तोंडी चालत आलेला एक कायदा आहे, ‘कानुन’. (हो, आपल्या ‘कायदेकानू’मधला तोच शब्द. मूळ ग्रीक, अरबी-तुर्की वाटेनं तिकडे गेला आणि अरबी-फारसी वाटेनं आपल्याकडे आला.) पंधराव्या शतकातला सरदार लेक दुकाग्यिनी याच्या नावावर तो सांगतात. कागदावर उतरवला मात्र श्त्येफेन ग्येचोवी या फ्रान्सिस्कन पाद्र्यानं, १९१३पासून एका मासिकात थोडा थोडा करून. १९२९ साली ग्येचोवीचाच खून झाला आणि पुस्तक १९३३ साली श्कोद्र शहरात निघालं. १२ भाग, १२६२ कलमं.

त्यात बेसाची व्याख्या दिली आहे आणि ती वाचून मी चमकलो. तिथं ना ‘मान’ आहे, ना ‘सचोटी’. खून झालेल्या माणसाच्या घरानं खुन्याला आणि त्याच्या घरच्यांना ठरावीक काळापुरती दिलेली मोकळीक आणि सुरक्षितता, म्हणजे बेसा! त्या काळात सूड घ्यायचा नाही. पहिली बेसा २४ तासांची. या २४ तासांत खुन्यानं काय करायचं, तर मयताला जायचं. प्रेताबरोबर कबरीपर्यंत चालायचं आणि परत येऊन त्याच घरात जेवायला बसायचं. पुढं गावानं मध्यस्थी केली तर ३० दिवसांची बेसा मिळू शकते. ती संपली की खुन्यानं घराबाहेर पाऊल टाकायचं ते स्वतःच्या जबाबदारीवर.

आल्बेनियन लेखक इस्माइल कादारेची ‘मोडलेला एप्रिल’ या अर्थाच्या नावाची कादंबरी याच ३० दिवसांवर उभी आहे. नायकाची बेसा मार्चच्या मध्यात सुरू होते आणि एप्रिलच्या मध्यात संपते. त्याच्या वाट्याला एप्रिल अर्धाच येतो.

तर माझं म्हणणं असं, की बेसा हा मुळात स्वभावाचा गुण नसून दोन घरांमधला व्यवहार आहे. त्याला तारीख असते, साक्षीदार असतात. ‘आल्बेनियन माणूस म्हणजे बेसा’ हे राष्ट्रीय सद्गुणाचं प्रकरण बरंच नंतरचं, एकोणिसाव्या शतकातलं. शब्दाची व्युत्पत्ती जाणणारं कुणी इथं असेल तर लिहा.

मृण्मयी१२

खुन्यानं मयताला जाऊन जेवायचं?? आणि घरच्यांनी वाढायचं?

उत्तररात्र

हो. आणि त्या वेळात त्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये. लागला तर ज्यानं बेसा दिली त्याच्याच घराची अब्रू जाते.

भाषावेल्हाळ

व्युत्पत्तीचं मी बघतो. आधी रूप. शब्दकोशात हा शब्द ‘बेसा’ असा सापडत नाही, ‘बेस’ असा सापडतो. शेवटचं अक्षर म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेला रोमन ई (ë), त्याचा उच्चार आपल्या ‘अ’च्या जवळचा. ‘बेसा’ हे निश्चित रूप: ‘ती बेस’. आल्बेनियनमध्ये निश्चितता दाखवणारा प्रत्यय नामाच्या शेपटाला लागतो. रुमानियन, बल्गेरियन, मॅसिडोनियन याही भाषांत तसंच. शाखा वेगवेगळ्या, पण शेजारामुळं एकमेकींच्या सवयी लागल्या. भाषाशास्त्रात हे बाल्कन प्रदेशाचं गाजलेलं उदाहरण आहे.

आता मूळ. आल्बेनियन ही भारत-युरोपीय कुळातली स्वतंत्र शाखा. ती ना ग्रीकची बहीण, ना लॅटिनची लेक. फ्रान्झ बोपनं १८५४ साली हे मांडलं. ‘बेस’ हा शब्द सहसा ‘भेइध्’ या प्राचीन धातूशी जोडतात. अर्थ: भरवसा ठेवणे, पटणे. त्याच धातूतून लॅटिनमध्ये ‘फिदेस’ म्हणजे विश्वास आणि ‘फोएदुस’ म्हणजे तह. ग्रीकमध्ये ‘पेइथो’ म्हणजे पटवणे आणि ‘पिस्तिस’ म्हणजे श्रद्धा. इंग्रजीतले कॉन्फिडन्स, फेडरल, फियान्से हे लॅटिनच्या बाजूनं आलेले. शपथेला आल्बेनियनमध्ये ‘बे’ म्हणतात, तोही याच घरातला.

ब, फ आणि प यांची ही नाती मनमानी नाहीत. मूळ ‘भ’ आल्बेनियनमध्ये ‘ब’ होतो, लॅटिनमध्ये सुरुवातीला ‘फ’. आपलं ‘भरति’ घ्या: लॅटिन ‘फेरो’, आल्बेनियन ‘बिए’, अर्थ घेऊन येणे. ग्रीकमध्ये ‘फ’ यायला हवा, पण पुढच्या अक्षरात पुन्हा महाप्राण असल्यानं पहिल्याचा प्राण गेला आणि ‘प’ उरला. संस्कृतातही हा नियम चालतो, म्हणून ‘भभार’ न होता ‘बभार’ होतं.

उत्तररात्र, तुमच्या मुद्द्यासाठी एक गोष्ट नोंदवून ठेवा. एकाच धातूतून लॅटिनमध्ये ‘विश्वास’ही निघाला आणि ‘तह’ही. म्हणजे गुण आणि व्यवहार हे दोन्ही अर्थ या मुळाच्या पोटात फार आधीपासून आहेत.

सातपुडा

मग ‘विश्वास’ आणि ‘बेसा’ यांचं काहीच नातं नाही? ऐकायला किती जवळचे वाटतात. व चा ब तर आपल्याकडेही होतो.

भाषावेल्हाळ

नाही हो. ‘विश्वास’ म्हणजे वि + श्वस्, श्वास घेण्याचा धातू. मन निर्धास्त झालं की श्वास मोकळा होतो, तिथून भरवसा. ‘बेस’मध्ये श्वास कुठंच नाही. थ्रेसमध्ये ‘बेस्सी’ नावाची प्राचीन टोळी होती, तिचं नावही काहींनी ‘बेस’शी जोडून पाहिलं. नुसत्या आवाजावरून नाती जुळवायची ठरवली तर बेसनसुद्धा या धाग्यात येईल.

मृण्मयी१२

बेसन 😄 वाचनखूण साठवली.

खडूस_काका

चर्चा छान आहे, पण टोळीसमाजात असले संकेत सगळीकडेच असतात. पठाणांचं बघा, बदाऊन अरबांचं बघा. आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘कौल’ आहेच की. एखाद्या सरदाराला भेटीला यायचं तर तो आधी कौल मागायचा. अभय मिळालं, बेलभंडार उचलला, की यायचा. ‘कौल’चा अरबी अर्थही ‘बोललेला शब्द’. आल्बेनियनांनी त्याचा झेंडा केला एवढंच. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना वाचवलं म्हणून बेसाचे गोडवे गाणारे लेख दर वर्षी फिरतात. त्यात पर्यटन खातं किती आणि इतिहास किती?

उत्तररात्र

काका, कौलाचं उदाहरण चपखल आहे, फरक एकच. कौल बहुधा वरचा खालच्याला देतो. बेसा बरोबरीची घरं एकमेकांना देतात, आणि देणारं घर त्या क्षणी दुखावलेलं असतं.

महायुद्धाबद्दल. आल्बेनियात युद्धाआधी ज्यू होते २००च्या आसपास, युद्ध संपलं तेव्हा सुमारे २०००. म्हणजे पळून आलेले टिकले. जर्मन ताब्यातल्या युरोपात हे फार विरळ. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेनं ७५च्या आसपास आल्बेनियनांना गौरवलं आहे, त्यांत मुसलमान बरेच. त्यांच्या घरच्यांना कारण विचारलं की ‘बेसा’ हा शब्द येतो. यात पर्यटन खातं नाही.

मात्र चित्र पूर्ण बघायचं तर कोसोवोही बघावं लागतं. तिथं मे १९४४मध्ये आल्बेनियनांचीच भरती केलेल्या, नाझींच्या एसएस ‘स्कांदरबेग’ तुकडीनं प्रिश्तिनातल्या ज्यूंना पकडून जर्मनांच्या हवाली केलं. भाषा तीच, शब्दकोशात शब्दही तोच. माझ्या मते फरक पडतो तो उंबऱ्याचा. कानुन म्हणतो, आल्बेनियन माणसाचं घर देवाचं आणि पाहुण्याचं. तिथं बापाचा, भावाचा अपमान माफ होऊ शकतो, पाहुण्याचा नाही. तुमच्या दारातून एकदा कुणी आत आला की तो तुमचा. दाराबाहेरच्या माणसाबद्दल बेसा आपोआप काहीच सांगत नाही.

खडूस_काका

हे पटलं. म्हणजे बहुतेक पटलं.

हेमांगी_के

मला मूळ लेखातल्या एका गोष्टीवर हरकत घ्यायची आहे. ‘मुळात सूडाला दिलेली स्थगिती, बाकी सगळं नंतरचं’ असं म्हटलं तर कोन्स्तांतिन आणि दोरुंतिनाच्या पोवाड्याचं काय करायचं?

गोष्ट थोडक्यात. एका आईला नऊ मुलगे (काही पाठांत बारा) आणि एक मुलगी, दोरुंतिना. मुलीला लांबच्या देशातलं स्थळ येतं. आई नको म्हणते. धाकटा कोन्स्तांतिन तिला बेसा देतो: तुला हवी असेल तेव्हा मी तिला घेऊन येईन. लग्न होतं, मुलगी जाते. मग युद्ध होतं आणि सगळे मुलगे मरतात. एकटी उरलेली आई कोन्स्तांतिनच्या कबरीवर जाऊन त्याला बोल लावते: तू दिलेली बेसा कुठं गेली? रात्री तो कबरीतून उठतो. कबरीचा दगड घोडा होतो. तो दोरुंतिनाला घेऊन येतो, आईच्या दाराशी सोडतो आणि म्हणतो, तू हो पुढं, मी आलोच. आई आतून विचारते, तुला कुणी आणलं? कोन्स्तांतिननं. अगं, तो तर कधीच मेला! आणि दोघी उंबऱ्यावरच कोसळतात.

यात ना खून, ना सूड. आईला दिलेला शब्द आहे, आणि तो मरणानंतरही अंगावर राहतो. हे गाणं इटलीतल्या आर्बरेश लोकांतही आहे. त्यांचे पूर्वज पंधराव्या शतकात, तुर्कांशी लढलेला आल्बेनियन सरदार स्कांदरबेग १४६८ साली वारला त्याच्या मागंपुढं, समुद्र ओलांडून गेले. त्यांच्या पाठात एक सुंदर श्लेष आहे. ‘धे’ म्हणजे ‘तू दिलीस’ आणि ‘धे’ म्हणजेच माती. मला दिलीस ती बेसा, आता मातीखाली गेलेली बेसा.

म्हणजे ‘शब्द’ हा अर्थ निदान तेवढा जुना धरायला हवा. एकोणिसाव्या शतकात कुणी तो बनवलेला नाही.

उत्तररात्र

हेमांगीताई, फार सुंदर प्रतिसाद. ‘शब्द देणं’ हा अर्थ नवा आहे असं माझं म्हणणं नाही, ‘राष्ट्रीय सद्गुण’ हा नवा आहे. दोन्हींतला फरक तुमच्याच गोष्टीत दिसतो. कोन्स्तांतिनची बेसा एका माणसानं एका माणसाला दिलेली आहे, विशिष्ट कामासाठी. ती ‘आपल्या लोकांचा गुण’ म्हणून कुणी मिरवत नाही.

मिरवणं कुठं सुरू होतं ते सांगतो. १८७४ साली इस्तंबूलच्या गेदिकपाशा नाट्यगृहात सामी फ्राशरी या आल्बेनियन लेखकाचं तुर्की नाटक लागलं, नावच ‘बेसा, अर्थात वचनपूर्ती’. त्यात बाप बेसा पाळण्यासाठी पोटच्या मुलाला मारतो. तुर्की प्रेक्षकासमोर आल्बेनियन म्हणजे कोण, याचं उत्तर या एका शब्दातून दिलं गेलं. नंतर १८९९ची, कोसोवोतल्या पेया शहरातली परिषद ‘बेसा-बेस’ या नावानंच ओळखली गेली. तिथं हाजी झेका आणि इतर आल्बेनियन पुढाऱ्यांनी आपसांतली वैरं थांबवून एकत्र राहायचं ठरवलं. म्हणजे बघा, राजकारणातही आधी आला तो जुना तहाचाच अर्थ.

आणि आल्बेनियन क्रियापदंही ऐकण्यासारखी आहेत. बेसा देतात, घेतात, धरून ठेवतात, मोडतात, तुडवतात. दगाफटका झालेल्याला ‘बेसेत कापला’ म्हणतात. अर्थात ‘त्याला बेस आहे’ असंही म्हणतात, तो गुणाचा अर्थ. पण भाषेचा भर देण्याघेण्यावर आहे.

दर्यावर्दी

भाषाशास्त्र वगैरे आपल्याला कळत नाही. जहाजावर ग्रीक लोकांबरोबर बरीच वर्षं काढली. ग्रीक माणूससुद्धा ‘बेसा’ म्हणतो! एखाद्याला ‘बेसा नाही’ म्हटलं की तो भरवशाचा नाही. आणि पाठीत सुरा खुपसणाऱ्याला ‘बाबेसिस’. आमचा चीफ इंजिनिअर हे दुसरं नाव पार्ट पाठवणाऱ्या एजंटसाठी रोज वापरायचा. हा शब्द आल्बेनियन आहे हे आज इथं कळलं.

भाषावेल्हाळ

दर्यावर्दी, खजिना दिलात! ‘बाबेसिस’ हा आल्बेनियन ‘पाबेस’वरून. ‘पा’ म्हणजे ‘विना’. ‘पाबेस’ म्हणजे बेस नसलेला, दगाबाज. ग्रीकनं दोन्ही उचलले, विश्वासही आणि दगाही. सर्बियन-माँटेनेग्रिनमध्येही ‘बेसा’ आहे. आल्बेनियन ही शेजाऱ्यांकडून भरभरून घेणारी भाषा. लॅटिन, ग्रीक, स्लाव, तुर्की, सगळ्यांचं देणं तिच्यावर आहे. तिनं उलट दिलेल्या मोजक्या शब्दांत हा एक.

‘बेस्निक’मधला ‘-निक’ मात्र स्लाव आहे. मूळ घरचं, शेपूट शेजारचं.

आणि एक. धर्माला आल्बेनियनमध्ये ‘फे’ म्हणतात. तो लॅटिन ‘फिदेस’वरून उसना घेतलेला. म्हणजे एकाच धातूची दोन लेकरं एका भाषेत आहेत: एक जन्मापासून घरात वाढलेलं ‘बेस’ आणि एक रोमन बिऱ्हाडातून दत्तक आलेलं ‘फे’. लॅटिन लेकराकडं देवळाचं काम गेलं, घरच्याकडं दाराचं. अर्थात ‘बेसिम’ म्हणजे श्रद्धा आणि बायबलच्या ‘करारा’ला ‘बेस्लिध्ये’, म्हणजे बेसेची गाठ, असंही आहेच. १४४४ साली स्कांदरबेगानं लेझ्य शहरात सरदारांची जी एकजूट बांधली, तिलाही आज हेच नाव आहे.

सातपुडा

अवांतर: तुर्कीमुळं आपले किती शब्द सापडतात तिकडे? ‘दुश्मन’ आहे म्हणे.

उत्तररात्र

पुष्कळ. दुश्मन, मुसाफिर (अर्थ: पाहुणा), बाजाराचं पाझार, दुकानाचं द्युच्यान, हिशेबाचं हेसाप. आणि या धाग्याशी थेट संबंध असलेला ‘हाक’, म्हणजे आपला हक्क. सूडाला तिकडे ‘हाकमार्या’ म्हणतात, हक्क घेणं. रक्ताच्या सूडाला वेगळा शब्द, ‘ग्याकमार्या’, रक्त घेणं. मदर तेरेसांचं आईबापांनी ठेवलेलं नाव गोंजे, म्हणजे कळी, उर्दूतला गुंचा तोच. पाहुणा, शत्रू, हक्क, कायदा, सगळे शब्द बाहेरून आले तरी बेसाच्या जागी तुर्की शब्द बसला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मृण्मयी१२

हे रक्ताचं प्रकरण आजही चालू आहे का?

उत्तररात्र

कम्युनिस्ट राजवटीत कठोरपणे दाबलं होतं. १९९१नंतर सरकारी यंत्रणा ढासळली, १९९७मध्ये भिशीछाप योजना बुडून देशात गोंधळ माजला, आणि उत्तरेत जुनी वैरं वर आली. काही घरांतले पुरुष आणि मुलगे बाहेर पडू शकत नव्हते, मुलांची शाळा बंद. कानुनप्रमाणे स्त्रिया आणि मुलं सूडातून वगळलेली, असं सहसा मानतात. म्हणजे जुना कायदाही धड पाळला जात नव्हता, त्याच्या नावानं नुसती हत्या चालली होती. आता प्रमाण पुष्कळ कमी झालं आहे.

पण यापेक्षा कोसोवोतली १९९०ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आंतोन चेत्ता हे लोकसाहित्याचे प्राध्यापक, वय सत्तरीचं. आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी-गोष्टी गोळा केलेल्या, त्यामुळं कुठल्या घरी कुणाचं काय चाललंय, कुणाशी कसं बोलावं, हे त्यांना ठाऊक. सर्बियाच्या दडपशाहीचे दिवस होते. विद्यार्थ्यांनी ठरवलं, निदान आपसांत तरी मारामाऱ्या नकोत. चेत्ता त्यांच्याबरोबर घरोघर गेले. ज्यांचा माणूस मारला गेला त्यांना विनवायचं, जनतेच्या, तरुणांच्या आणि झेंड्याच्या नावानं रक्त माफ करा. १ मे १९९० रोजी देचानजवळ वेरात ए लुकस इथं लाखोंचा जमाव जमला आणि लोक एकेक करून पुढं येऊन माफी जाहीर करू लागले. दोन-तीन वर्षांत हजाराच्या आसपास वैरं मिटली.

खडूस_काका

यात पैसे किंवा जमीन दिली-घेतली का? आपल्याकडे पंचांनी मिटवलं की भरपाई असायची.

उत्तररात्र

कानुनमध्ये भरपाई देऊन मिटवण्याची सोय आहे, पण १९९०च्या मोहिमेत माफी बिनमोबदला होती. हात पुढं करायचा, बस्स. तिथं बेसा २४ तासांची नव्हती आणि ३० दिवसांचीही. पूर्वी घरांची, गावांची, गुरं चारायच्या वाटांची वेगवेगळी बेसा ठरायची. ही सगळ्यांची एकत्र आणि बेमुदत झाली. माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठं असेल तर या मैदानात. मुदतीचा करार आणि लोकांचा गुण हे दोन अर्थ तिथं एकमेकांत मिसळले.

हेमांगी_के

मग १९९९मध्ये कोसोवोतून सव्वाचार लाखांहून जास्त लोक आल्बेनियात गेले, ते लोकांच्या घरांत मोठ्या संख्येनं राहिले, तेव्हाही हाच शब्द वापरला गेला. ती बेसा कुणी कुणाला दिली होती? कुणी मागितलीही नव्हती.

उत्तररात्र

म्हणूनच मी ‘मिसळले’ म्हटलं. तरी नियम उंबऱ्याचाच लागला. तंबूत राहिलेल्यांसाठी तो शब्द फारसा ऐकू येत नाही, घरात राहिलेल्यांसाठी येतो.

दर्यावर्दी

पुढच्या वेळी दुर्रसला जहाज लागलं तर म्हणायचं काय मग? ‘बेसा’?

भाषावेल्हाळ

‘पर बेस!’ म्हणा, म्हणजे ‘खरंच सांगतो, आईशप्पथ’. रोजच्या बोलण्यात चालतं. ‘बेसा देतो’ म्हणायचं असेल तर कर्म म्हणून शब्दाला ‘न’ हा प्रत्यय लागतो: ‘त याप बेसन’, तुला बेसा देतो. (हो, सातपुडा, शेवटी बेसन आलंच.) हे वाक्य मात्र गंमत म्हणून बोलू नका. समोरचा हात पुढं करेल आणि विचारेल, कशाबद्दल आणि कधीपर्यंत?